दारवानाची बाजू

ताई,

दारवानावरून आपलं वाजलं आणि ते मिटायच्या आत तू गेलीस. भेटायला येणाऱ्या बायका विचारतात, शेवटी शेवटी बहिणीशी काय बोलणं झालं? मी सांगते, औषधांचं, जेवणाचं, असंच इकडचं तिकडचं. पन्नाशीला आलेल्या दोघी बहिणी एका कार्टूनमधल्या म्हाताऱ्यापायी दीड महिना धड बोलल्या नाहीत, हे कुणाला सांगणार? सांगायचं तर त्याच्या मागचंही सांगावं लागेल. ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. आज इथं लिहिते आहे.

पुण्याच्या दवाखान्यात औषध चढवलं की तुला तीन-चार दिवस उठवत नसे. हिर्डोशीपर्यंतचा रस्ता, धरणाच्या कडेनं ती वळणं, एसटीही मोजक्या. म्हणून दाजी तुला भोरला माझ्याकडे ठेवून जायचे. तू हॉलमधल्या दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडायचीस आणि माझी सई शाळेतून आली की टीव्हीवर तिची ती मालिका लावायची. पहिले दोन दिवस तू पाठच केली होतीस. तिसऱ्या दिवशी कूस बदलून म्हणालीस, "ही पोरगी अनवानी का हिंडती गं बर्फात?"

सई हरखली. तुझ्या उशापाशी बसून तिनं सगळी कथा सांगितली. डोंगरातलं राज्य. तिथं दहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला एक दिवा मिळतो. तो घेऊन एकट्यानं डोंगर चढायचा आणि वरच्या मोठ्या दाराशी जायचं. दिवा पेटता राहिला तर आत प्रवेश, विझला तर आल्या पावली परत. दारावर एक म्हातारा राखणीला. नायिकेचा दिवा वाटेतच विझतो, तरी म्हातारा तिला आत घेतो. तिथून गोष्ट सुरू होते. आणि खाली, जळून गेलेल्या मुलखात, एक राणी आहे. ती गावंच्या गावं पेटवत वर निघालीय. त्यांची नावं परदेशी, हिंदीतही जिभेवर न बसणारी. तू ती तिथल्या तिथं बदललीस. नायिका ज्योतवाली. राणी राखराणी. म्हातारा दारवान. दोन महिन्यांत सईच्या वर्गातल्या मुलीसुद्धा हीच नावं घ्यायला लागल्या, हे तुला ठाऊक होतं का?

पाचव्या की सहाव्या भागानंतर तू मला स्वयंपाकघरातून हाक मारलीस. "नंदे, ह्या दोगी एकच हायेत."

"कोण दोघी?"

"ज्योतवाली आन राखराणी."

मी वीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते, ताई. मी हसले. म्हटलं, "एक नायिका आहे, दुसरी खलनायिका. एकच कशा असतील?"

"ते ऱ्हाऊ दे. तू हात बघ."

सईनं मागे नेऊन दाखवलं. ज्योतवाली चालताना डाव्या हातात दिवा धरते आणि उजव्या हाताचा आडोसा करते. राखराणीच्या हातात काहीच नसतं. पण ती चालते तेव्हा तिचाही डावा हात छातीशी आणि उजवा त्याच्यापुढे, वाकवलेला. तू म्हणालीस, "दिवा गेला तिचा, पर हात तसाच ऱ्हायला." मी पदराला हात पुसत तिथंच उभी राहिले. पुढे चार भागांनी कळलं की राणीचाही दिवा लहानपणी विझला होता, तीही त्याच दाराशी गेली होती आणि त्याच म्हाताऱ्यानं तिच्या तोंडावर दार लावलं होतं. सई किंचाळली. तू लसूण सोलत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "दोगींचं एकच झालं. एकीला आत घेतलं, एकीला न्हाई. बाकी काय फरक न्हाई त्यांच्यात."

सईनं मग एक वहीच घातली, 'मावशीच्या जोड्या' म्हणून. राणीचा सेनापती आणि ज्योतवालीचा मित्र, ही दुसरी जोडी. "दोगंबी दोन पावलं मागनं चालत्यात. एकाला वाटतंय आपन राखन करतो, दुसऱ्याला वाटतंय सोबत करतो. म्होरची बाई वळून बगती का? न्हाई बगत." मी वर्गात 'व्यक्तिरेखांमधील साम्यभेद' लिहून देते, एका खाली एक मुद्दे, मुलं उतरवून घेतात. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा वर्गाला काही लिहून दिलं नाही. म्हटलं, आधी सांगा, त्यांचे हात काय करतात? चालताना कोण कुणाच्या मागे असतं? मुलं बोलायला लागली. बोलतच राहिली. हे मी तुझ्याकडून घेतलं आणि तुला कधी सांगितलं नाही.

आमच्या कॉलेजातल्या एक मॅडम तुला भेटायला आल्या होत्या. तुझं बोलणं ऐकून थक्क झाल्या. "ताई, तुम्ही किती शिकलात हो?"

"सातवी," तू म्हणालीस. "म्होरं शिकायचं व्हतं लई. आमचं वडील, अण्णा, न्हाई म्हनलं."

मी चहाचं निमित्त करून आत गेले आणि गॅस न पेटवताच ओट्याशी उभी राहिले.

दारवानाचा मला पहिल्यापासून राग होता. तू त्याची बाजू घ्यायचीस आणि मी तडकायचे. सई आमच्या तोंडाकडे बघत बसायची. तिसऱ्या पर्वात ज्योतवाली स्वतः दारावर राखणीला येते. खालून दिवे विझलेली माणसं जीव घेऊन पळत येतात, त्यांच्यामागे आग असते आणि ती दार लावून घेते. त्या दिवशी तू उठून बसलीस. "बघ, कडी कशी धरली. अगदी म्हाताऱ्यावानी. ही घ्या तिसरी जोडी."

"ताई, तिचा नाइलाज होता. आत शेकडो मुलं होती."

"त्याचाबी असंल. भ्यालं मानूस. भ्यालेल्या मानसाला दार लावायचं तेवढंच सुचतंय."

"एका पोरीचं आयुष्य घालवलं त्यानं!"

"त्यानं येकदा दार लावलं, नंदे. इतकी वर्सं त्यो ते मनात धरून बसलाय. त्याची काय कमी फरपट झाली?"

तू हे इतक्या मायेनं म्हणालीस की मला वाटलं, तुला ठाऊक आहे. सगळं ठाऊक आहे आणि तू मला वाट करून देतेयस. सई क्लासला गेली. दुपारचे चार वाजले असतील. मी तुझ्या दिवाणाशी खाली बसले आणि सांगितलं.

पानशेतच्या पलीकडचं आपलं गाव. शाळा सातवीपर्यंत. आठवीला भोरला आत्याकडे राहावं लागणार होतं. अण्णांसमोर उभं राहून बोलायची तुझी छाती नव्हती, तशी तेव्हा आपल्यातल्या कुणाचीच नव्हती. ओढ्यावर भांडी घासताना तू मला म्हणालीस, "नंदे, तू लहान हायेस, तुला रागवनार न्हाईत. अण्णांनी इचारलं तर सांग, सुमीला जायचंय म्हनती." आणि दोन दिवसांनी अण्णांनी मला बांधावर विचारलं. "सुमी काय म्हनती गं? जायाचं म्हनती का आत्याकडं?"

मी दहा वर्षांची होते. मी म्हटलं, "न्हाई म्हनती. तिला हितंच बरं वाटतं."

तुझं शिक्षण मला हवं होतं असं नाही, ताई. त्या वयात मला शिक्षण कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं. तू गेल्यावर मी एकटी उरणार, आईचा मार एकटीनं खाणार, एवढंच डोक्यात होतं. अण्णा "बरं" म्हणाले आणि पुन्हा खाली वाकले. तू वाट बघितलीस. जून गेला, शाळा सुरू झाल्या. तू मला विचारलंस, "सांगितलंस का?" मी म्हटलं, "सांगितलं. न्हाई म्हनले." एकाला एक सांगितलं, दुसरीला दुसरं, आणि तुम्ही दोघांनी आयुष्यात कधी ते एकमेकांशी ताडून बघितलं नाही. चार वर्षांनी तुझं लग्न करून तुला हिर्डोशीला दिली. त्याच्या आदल्या वर्षी मला भोरला धाडलं होतं, आत्याकडे.

मी सांगत होते तेव्हा तू माझ्याकडे बघत नव्हतीस. टीव्हीवर चित्र थांबलेलं होतं, कडीवरचा हात. मी म्हटलं, "तू जाऊ नयेस म्हणून केलं मी. तू माझ्याजवळ राहावीस म्हणून."

"म्हंजी मायेनं केलंस व्हय?"

मी दिवाणाच्या चादरीची कड दुमडत राहिले.

"म्या त्यापास्नं अण्णांशी बोलले न्हाई," तू म्हणालीस. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "त्यांनी वावरातनं हाक मारली तरी म्या कवितीला पुढं धाडायची. ते शेवटाला माज्याकडं बघून हात हलवत व्हते, आन म्या पानी आनायला म्हनून भाईर गेले. मला वाटलं ह्या मानसानं माजं..." तू वाक्य पुरं केलं नाहीस. मग विचारलंस, "उंद्या सकाळची यष्टी किती वाजता हाय?"

"ताई, परवा तुझी तपासणी आहे."

"यष्टी किती वाजता हाय?"

मी चूक केली ती तेव्हा. मी म्हटलं, "तूच म्हणालीस ना, भ्यालेल्या माणसाला दार लावायचं तेवढंच सुचतं? दारवानाला तर तू माफ केलंस."

तू माझ्याकडे बघितलंस. असं तू माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतंस.

"त्या म्हाताऱ्याला माफ करनं सोपं हाय, नंदे. त्यानं माजं काय न्हेलं न्हाई."

सकाळी भोरच्या स्टँडवर मी तुझी पिशवी घेऊन मागून चालत होते, तू पुढे. मी औषधांच्या वेळा लिहिलेला कागद तुझ्या हातात दिला. तो तू घेतलास, घडी केलीस, ब्लाऊजमध्ये ठेवलास. गाडी लागली. मी खिडकीखाली उभी राहिले. तू समोरच्या सीटकडे बघत बसलीस. गाडी सुटताना बाजूची बाई मला हात करून हसली, बिचारीला वाटलं असेल मी तिच्याकडे बघतेय.

त्यानंतर मी फोन केला की दाजी उचलायचे. "झोपलीय," म्हणायचे, आणि मागे तुझा आवाज ऐकू यायचा. सईनं केला की तू बोलायचीस, पाव-पाव तास. सई मला काही सांगायची नाही. वहीत मात्र नव्या जोड्या चढत होत्या. मी ती वही एकदा चोरून वाचली. दारवानाचं नाव त्या महिनाभरात एकदाही नव्हतं.

भातं कापणीला आली तेव्हा दाजींचा फोन आला. "नंदाताई, आता या." एवढंच.

मी चार दिवस होते तिथं. तू मला हाकललं नाहीस. मी तुला पुसून घेतलं, वेणी घातली, नाचणीची पेज भरवली. तू बोलायचीस ते कामापुरतं. "जरा पातळ कर." "खिडकी लाव." "कवितीला बोलाव." तुझी कविता दाराशी बसून आपल्या दोघींकडे आळीपाळीनं बघायची. एकोणीस वर्षांची पोर, तिला काय दिसत नसेल? मला वाटायचं, आता बोलेल ताई, आता बोलेल. रोज मी तुझ्या शेजारी बसून त्याचीच वाट बघायचे आणि मग माझीच मला शरम वाटायची. माणूस जायला निघालंय आणि ही बाई आपली सुटका मागत बसलीय.

तिसऱ्या दिवशी सईचा फोन आला. मालिकेचा शेवटचा भाग लागला होता. तू मोबाईल छातीवर ठेवून आवाज मोठा करायला लावलास. सईनं सांगितलं, राखराणी दाराशी पोचते. दारवान उंबऱ्यावर पडलेला. ती काही बोलायला तोंड उघडते, तोच तो डोळे मिटतो. मग ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडते आणि सगळीकडची आग आपोआप विझते.

फोन ठेवल्यावर तू छताकडे बघत म्हणालीस, "चुकवलं."

मी म्हटलं, "काय चुकवलं? तिनं माफ केलं त्याला."

"कुनी सांगितलं माफ केलं? रडली ती. रडनं येगळं." दम लागला म्हणून तू थांबलीस. "तिला बोलू तरी द्यायचं. इतकी वर्सं चालत आली बाई. त्याला आधीच मारून टाकला, म्हंजी तिला बोलायला नको आन त्याला आयकायला नको."

मी विचारलं, "काय बोलली असती ती?"

तू माझ्याकडे वळलीस. बाहेर खळ्यात भात झोडपायचा आवाज चालू होता. मग तू म्हणालीस, "ते तिचं तिला ठावं," आणि डोळे मिटलेस.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस. दाजी, कविता आणि मी, तिघंही जवळ होतो.

ताई, मी इथं थांबायला हवं होतं. पण तेराव्याला जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

कवितासाठी वरवे बुद्रुकचं स्थळ तुझ्या डोळ्यांदेखतच आलेलं होतं. ती माणसं तेराव्याला आली. माणसं वाईट नाहीत, मुलगा तिथल्याच एका कारखान्यात लागलाय. जेवणं झाल्यावर ओसरीत विषय निघालाच. तुझ्या चुलत जावा म्हणायला लागल्या, आई गेल्यावर वर्षाच्या आत पोरीचं उरकावं लागतं, नाहीतर तीन वर्षं थांबा. मुलाचे वडील म्हणाले, "आमची घाई न्हाई, पर एकदा शब्द कळला म्हंजे बरं." दाजी भिंतीला टेकून बसले होते. या दोन आठवड्यांत पार वाळलेत. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"नंदाताई, पोरगी काय म्हनती? तुमाला बोलली असंल."

बोलली होती. त्याच सकाळी, खळ्यात. मीच विचारलं होतं. कविता म्हणाली, "मावशे, खरं सांगू? मला ठाव न्हाई. पोरगा वंगाळ न्हाई. कालेजबी करावं वाटतंय, मग वाटतंय अण्णा एकटं पडतील. आई गेल्यापास्नं मला काय सुचतच न्हाई." तिचे अण्णा म्हणजे दाजी, क्षणभर मला आपलेच अण्णा वाटले.

ओसरीत सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि ताई, माझ्या ओठांवर काय आलं सांगू? "तिला शिकायचंय म्हणते." शब्द तयार होते. मी शिक्षिका, भोरला राहणारी, माझं ऐकलं असतं सगळ्यांनी. स्थळ परत गेलं असतं, पोर माझ्याकडे येऊन शिकली असती, तुझ्या वाटचंही तिनं शिकून घेतलं असतं. चांगल्यासाठीच होतं. मायेनं होतं. तिनं ते म्हटलेलं नव्हतं, एवढीच काय ती अडचण. मी तोंड उघडलं. मी काय बोलणार होते हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

आतून भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. कविता दारात आली. हात ओले, ओढणी खोचलेली, डोळे रडून सुजलेले.

"मावशे, तू नगं सांगू," ती म्हणाली. "म्या सांगते."

तुझी थोरली चुलत जाऊ "अगं, बाप्यामान्सांत" म्हणून उठायला लागली. दाजींनी हात वर करून तिला बसवलं.

"मला अजून ठाव न्हाई," कविता म्हणाली. ती दाराची चौकट सोडून पुढे आली. "म्या व्हय म्हनलेलं न्हाई आन न्हाईबी म्हनलेलं न्हाई. आईला जाऊन तेरा दिवस झाल्यात. मला कळंल तवा म्या अण्णांना सांगंन. माज्या तोंडानं. तवर कुनी कुनाला काय सांगू नका." मग मुलाच्या वडलांकडे वळून, "तुमाला थांबाया जमत नसंल तर आमचा राग न्हाई."

मुलाच्या वडलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. दाजींकडे बघितलं. दाजी म्हणाले, "आयकलं न्हवं? तसंच." मुलाचे वडील म्हणाले, "थांबू की. पोरगी सरळ बोलती, हे बरं झालं." चहा घेऊन ती माणसं वरव्याला गेली.

कविता पुन्हा आत जाऊन भांडी घासायला बसली. मी तिच्याशेजारी जाऊन विसळायला घेतली. माझ्या डोक्यावरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. तू मला माफ केलेलं नाहीस, ते तसंच आहे आणि आता तसंच राहील. मी ते कुणाकडून भरून घेणार नाही. सईनं विचारलं तर तिला मी ओढ्यावरचं आणि बांधावरचं सगळं सांगणार आहे, जसं झालं तसं. अण्णांनी तुला नाही म्हटलेलं नव्हतं, हे तिला आणि कविताला माझ्याकडूनच कळायला हवं.

संध्याकाळी बायका पांगताना एकमेकींना सांगत होत्या, पोरगी बोलली बाई, अगदी आईच्या आवाजात बोलली. दोघी-तिघींनी माझ्याकडे बघून माना हलवल्या, बहिणीनं दुजोरा द्यावा म्हणून. मी दिला नाही. त्या वयातला तुझा तसा आवाज कुणी ऐकलेलाच नाही, ताई.